मेनिंजायटिसचे निदान : काचपट्टी, जनुक आणि नकारार्थी अहवाल

पुरस्कर्ता : मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती तीन आवरणे असतात. या आवरणांचा दाह म्हणजे मेनिंजायटिस. तो जिवाणूंमुळे होतो, विषाणूंमुळे होतो, क्षयाच्या जंतूमुळे होतो आणि बुरशीमुळेही होतो. ताप, डोकेदुखी, उलट्या, ताठलेली मान, गुंगी ही लक्षणे थोड्याफार फरकाने सगळ्या प्रकारांत सारखीच असतात. उपचार मात्र अगदी वेगवेगळे असतात. जिवाणूसाठी तासाभरात प्रतिजैविक सुरू करावे लागते, क्षयासाठी अनेक महिने औषधे द्यावी लागतात, आणि बहुतेक विषाणूजन्य मेनिंजायटिस विश्रांतीने बरा होतो. त्यामुळे निर्णयाचा मोठा भार प्रयोगशाळेवर येतो. तिथली मुख्य साधने मात्र एकोणिसाव्या शतकातली आहेत. ग्रॅम यांची रंगपद्धत १८८४ची. वाइक्सेलबाउम यांनी व्हिएन्नात मेनिंगोकॉकस वेगळा केला तो १८८७ मध्ये. कमरेच्या मणक्यांमधून सुईने पाणी काढण्याची पद्धत क्विंक यांनी कील येथे मांडली ती १८९१ मध्ये. आज जिवाणूजन्य मेनिंजायटिस झालेल्या सहांपैकी एक रुग्ण दगावतो, आणि वाचलेल्या दर पाचांपैकी एकाला बहिरेपणा, फिट्स किंवा दुसरे कायमचे अपंगत्व येते. कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याचा, निकाल यायला एक-दोन दिवस लागतात. जंतूचे जनुक ओळखणारी पीसीआर चाचणी तेच काम एक-दोन तासांत करते. ती हाताशी असताना तिला पहिले स्थान न देणे रुग्णाच्या हिताचे नाही.

साशंक : साधने जुनी आहेत, म्हणून ती दुबळी ठरत नाहीत. पीसीआर एकाच प्रश्नाचे उत्तर देते : अमुक जंतूचे जनुक या नमुन्यात आहे का? पाठीतल्या पाण्याची, म्हणजे सीएसएफची, जुनी तपासणी याहून व्यापक प्रश्न विचारते : आवरणांना दाह झाला आहे का, आणि असल्यास तो कोणत्या जातीचा आहे? निरोगी प्रौढाच्या सीएसएफमध्ये एका घन मिलिमीटरमध्ये ५ पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी नसतात. प्रथिने दर १०० मिलिलिटरमागे साधारण १५ ते ४५ मिलिग्रॅम असतात आणि ग्लुकोज रक्तातल्या ग्लुकोजच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. जिवाणूजन्य दाहात पेशी हजाराच्या घरात जातात आणि त्यांत न्यूट्रोफिल बहुसंख्य असतात. प्रथिने १०० च्या पुढे चढतात, ग्लुकोज ४० मिलिग्रॅमच्या खाली येते. विषाणूजन्य दाहात पेशी दहापासून काही शेपर्यंत असतात, त्यांत लिम्फोसाइट जास्त असतात, आणि ग्लुकोज सहसा टिकून असते. क्षयात लिम्फोसाइट वाढतात आणि ग्लुकोजही उतरते. जंतूचे नाव न कळताही उपचाराची दिशा ठरवायला एवढे चित्र बहुतेकदा पुरते. शिवाय हे सगळे एक सूक्ष्मदर्शक, एक मोजणी-चेंबर आणि ग्लुकोज-प्रथिनांच्या साध्या चाचण्या यांवर तासाभरात होते. ग्रॅम स्टेनची काचपट्टी तर दहा-पंधरा मिनिटांत तयार होते. जोडीजोडीने असलेले, भाल्याच्या पात्यासारखे निमुळते ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतू दिसले की न्यूमोकॉकस, आणि पेशींच्या आत घेवड्याच्या दाण्याच्या आकाराच्या ग्रॅम-निगेटिव्ह जोड्या दिसल्या की मेनिंगोकॉकस. नीट बनवलेल्या काचपट्टीत असे जंतू दिसल्यावर निदान चुकण्याची शक्यता फार थोडी राहते.

पुरस्कर्ता : काचपट्टीत जंतू दिसला तर वाद नाही. वाद आहे तो न दिसल्यावर. एका मिलिलिटरमध्ये लाखाहून जास्त जंतू असतील तर ग्रॅम स्टेन जवळजवळ नेहमी पॉझिटिव्ह येते. हजाराच्या आत असतील तर चारांपैकी जेमतेम एका नमुन्यात जंतू दिसतात. लिस्टेरियाच्या बाबतीत काचपट्टी दोन-तृतीयांश वेळा रिकामी राहते. पेशी आणि ग्लुकोज यांचे चित्रही पुस्तकात असते तितके स्वच्छ नसते. एंटेरोव्हायरसच्या संसर्गात पहिल्या दिवशी न्यूट्रोफिल जास्त असू शकतात. क्षयातही सुरुवातीला तसेच दिसते. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णाला क्रिप्टोकॉकस या बुरशीचा मेनिंजायटिस असूनही सीएसएफमध्ये पेशी जवळजवळ नसतात. त्यात प्रतिजैविकाची भर पडते. रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोचतो तोवर त्याला गावातच एखादे इंजेक्शन दिले गेलेले असते. ते देणे योग्यही असते, कारण निदानासाठी उपचार थांबवायचा नसतो. पण अमेरिकेत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बालरुग्णांच्या एका अभ्यासात शिरेतून प्रतिजैविक दिल्यावर दोन तासांच्या आत मेनिंगोकॉकस कल्चरमधून नाहीसा झाला होता, आणि न्यूमोकॉकस नाहीसा व्हायला चार तासांनंतर सुरुवात झाली. मेलेला जंतू अगारवर वाढत नाही. त्याचा डीएनए मात्र द्रवात काही दिवस राहतो आणि पीसीआरला सापडतो. उपचार आधी आणि तपासणी नंतर, हा क्रम जिथे अटळ आहे तिथे पीसीआरला पर्याय नाही.

साशंक : प्रतिजैविकाचा मुद्दा मान्य करावाच लागतो. पण तो इथे संपत नाही. प्रतिजैविकाने कल्चर निर्जंतुक होते, मात्र पेशींची वाढ, प्रथिने आणि ग्लुकोज इतक्या झटपट पूर्ववत होत नाहीत. नंतर काढलेल्या नमुन्यातही दाहाची जात बऱ्याच वेळा ओळखू येते. जुनी तपासणी फसते ती अनेकदा हाताळणीमुळे. सीएसएफ खोलीच्या तापमानात पडून राहिले तर तासाभरात सुमारे एक-तृतीयांश न्यूट्रोफिल फुटतात, आणि दोन तासांत निम्मे. संध्याकाळी काढलेला नमुना सकाळी मोजला तर आलेला आकडा रुग्णाचा नसतो, तो नळीचा असतो. जिवाणू-कल्चरसाठीचा नमुना फ्रिजमध्ये ठेवला की न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस यांसारखे नाजूक जंतू मरतात. त्याच वेळी रक्तातले ग्लुकोज मोजले नाही तर सीएसएफमधल्या ४५ मिलिग्रॅमचा अर्थ लावता येत नाही. मधुमेही रुग्णाचे रक्तातले ग्लुकोज ३०० असेल तर ४५ हा आकडा घातक दाह दाखवतो, आणि ७० असेल तर जवळजवळ सामान्य. सुई टोचताना रक्त मिसळले असेल तर दर ५०० ते १००० लाल पेशींमागे एक पांढरी पेशी वजा करायची असते. हा हिशेब अहवालात क्वचितच दिसतो. या दुरुस्त्यांना नवे यंत्र लागत नाही, शिस्त लागते. आणि त्या दुरुस्त्या न करता आणलेल्या यंत्रालाही तोच बिघडलेला नमुना मिळणार.

पुरस्कर्ता : शिस्त हवीच, पण तिची वाट पाहत बसता येत नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मेनिंजायटिस आणि एन्सेफलायटिस (मेंदूचा दाह) यांसाठी पहिल्या मल्टिप्लेक्स पॅनेलला मान्यता दिली. ०.२ मिलिलिटर सीएसएफ यंत्रात घातले की साधारण तासाभरात १४ जंतूंचा निकाल मिळतो : सहा जिवाणू, सात विषाणू आणि क्रिप्टोकॉकस. यात माणसाच्या हाताचे काम फार थोडे असते, त्यामुळे रात्री दोन वाजताही निकालाची गुणवत्ता तीच राहते. त्याचा फायदा दोन्ही बाजूंनी होतो. जिवाणू सापडला तर नेमके औषध देता येते. एंटेरोव्हायरस सापडला आणि मुलाची प्रकृती ठीक असली तर प्रतिजैविक थांबवून त्याला घरी पाठवता येते. हर्पिस सापडला तर असायक्लोव्हिर पूर्ण मुदतीपर्यंत द्यायचे हे ठरते. अनुभवी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ चोवीस तास हजर असणे देशातल्या बहुतेक जिल्ह्यांत शक्य नाही. तंत्रज्ञान ही उणीव भरून काढते.

साशंक : पॅनेलमध्ये १४ नावे आहेत, आणि पॅनेलला सापडते ते त्या १४ नावांपैकीच. त्यात क्षयाचा जंतू नाही. जपानी एन्सेफलायटिसचा विषाणू नाही, त्याचे निदान सीएसएफमधल्या आयजीएम प्रतिपिंडावर होते. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडलेला आणि मुलांमध्ये एन्सेफलायटिसचे उद्रेक घडवणारा चांदीपुरा विषाणू नाही. स्क्रब टायफस नाही, डेंगी नाही. नवजात बालकांसाठी त्यात ई. कोलायचा फक्त के-१ प्रकार आणि ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस आहेत. दिल्लीच्या तीन रुग्णालयांतल्या नवजातांच्या जंतुसंसर्गाचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुढे होते असिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला, आणि हे दोन्ही पॅनेलमध्ये नाहीत. यादी एका देशाच्या गरजेतून बनली आणि यंत्र दुसऱ्या देशात आले, की ‘काहीही आढळले नाही’ या ओळीचा अर्थ बदलतो. तिथे ती जवळजवळ दिलासा देते. इथे ती एवढेच सांगते की विचारलेल्या प्रश्नांत उत्तर नव्हते. यादीतल्या जंतूंच्या बाबतीतही काळजी घ्यावी लागते. क्रिप्टोकॉकस कमी संख्येने असेल तर पॅनेल त्याला चुकवते. हर्पिस एन्सेफलायटिसमध्ये पहिल्या दोन-तीन दिवसांत पीसीआर नकारार्थी येऊ शकते, म्हणून संशय पक्का असेल तर काही दिवसांनी नमुना पुन्हा घ्यावा लागतो. एचएचव्ही-६ हा विषाणू सुमारे एक टक्का माणसांच्या गुणसूत्रांतच बसलेला असतो. त्यांचा अहवाल आजार नसतानाही होकारार्थी येतो.

पुरस्कर्ता : या त्रुटी यादीच्या आहेत, तत्त्वाच्या नाहीत. यादी स्थानिक गरजेप्रमाणे बनवता येते. उरलेल्या जागा इतर नव्या चाचण्या भरतात. क्रिप्टोकॉकसच्या प्रतिजनाची पट्टी-चाचणी दहा मिनिटांत होते आणि ९९ टक्के रुग्ण ओळखते, तर पूर्वीची इंडिया इंकची काचपट्टी सातांपैकी एकाला चुकवत असे. जपानी एन्सेफलायटिसचे आयजीएम किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने देशभर पुरवले आहे. चुकीच्या होकाराचा धोका तर प्रत्येक चाचणीत असतो. त्यासाठी चाचणी बाजूला सारणे योग्य नाही.

साशंक : चुकीच्या होकाराचा धोका चाचणीइतकाच ती कोणावर वापरली यावरही अवलंबून असतो. एखादी चाचणी रोग असलेल्या १०० पैकी ९० जणांना ओळखते आणि रोग नसलेल्या १०० पैकी ९८ जणांना निर्दोष ठरवते, असे धरावे. असे गुण कोणत्याही जाहिरातपत्रकात शोभून दिसतील. आता ती ताप आणि डोकेदुखी असलेल्या १००० जणांवर सरसकट वापरली, आणि त्यांतल्या २० जणांनाच खरा आजार असला, तर १८ खरे होकार आणि सुमारे २० खोटे होकार मिळतील. होकारार्थी अहवालांपैकी निम्म्याहून अधिक चुकीचे निघतील. तीच चाचणी मान ताठलेल्या, सीएसएफमध्ये २००० न्यूट्रोफिल असलेल्या रुग्णांपुरती राखली, तर होकार जवळजवळ नेहमी खरा निघतो. म्हणजे पीसीआरचा अर्थ लावण्यासाठी पेशींची मोजणी आधी हवी. जुनी तपासणी नवीला पर्याय म्हणून नको असेल, तर तिची पूर्वअट म्हणून तरी हवी.

पुरस्कर्ता : हा क्रम मान्य आहे. पेशी, प्रथिने, ग्लुकोज आणि ग्रॅम स्टेन आधी, पीसीआर त्यांच्यासोबत. पण क्षयजन्य मेनिंजायटिसमध्ये हा युक्तिवाद पुरत नाही, आणि भारतासाठी तोच प्रकार सर्वांत महत्त्वाचा आहे. तिथे जुनी साधने स्पष्टपणे अपुरी आहेत. झील-नील्सन काचपट्टीत नेहमीच्या कामकाजात १० ते २० टक्केच रुग्ण सापडतात. द्रव माध्यमातले कल्चर नकारार्थी ठरवायला सहा आठवडे थांबावे लागते. उपचार न झालेला रुग्ण तोवर बहुधा हयात नसतो. सीएसएफमधल्या एडीए या एन्झाइमची पातळी आपल्याकडे सर्रास मोजतात, पण ती जिवाणूजन्य दाहातही वाढते. फार कमी किंवा फार जास्त आकडा उपयोगी पडतो, आणि बरेच रुग्ण मधल्या पट्ट्यात अडकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये क्षयजंतूचे जनुक शोधणाऱ्या एक्सपर्ट चाचणीला मान्यता दिली, आणि २०१३ मध्ये सीएसएफसाठी काचपट्टी आणि कल्चरऐवजी तीच पहिली चाचणी असावी अशी शिफारस केली. २०१७ मध्ये आलेली अल्ट्रा आवृत्ती मिलिलिटरमध्ये सुमारे १६ जंतू असले तरी ओळखते, तर जुन्या आवृत्तीला शंभराहून जास्त लागत. जंतू पुरेसे असतील तर रिफाम्पिसिनला दाद न देणारा क्षय आहे का, हेही दोन तासांत कळते. गोव्यातल्या कंपनीचे ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे यंत्र छोट्या केंद्रांपर्यंत पोचले आहे. २०२० मध्ये त्याला मिळालेली आंतरराष्ट्रीय शिफारस फुप्फुसाच्या क्षयापुरती होती, पण वाट कोणत्या दिशेने जाते ते स्पष्ट आहे.

साशंक : क्षयजन्य मेनिंजायटिसमध्येच नकारार्थी अहवालाचा गैरअर्थ सर्वांत महागात पडतो. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकसारखा शिजलेला असतो. सीएसएफमध्ये क्षयजंतू तसे एकसारखे पसरलेले नसतात, आणि असतात तेही मोजके. ५ मिलिलिटर द्रवात एकूण ५ जंतू आहेत असे धरले, तर त्यातल्या ०.२ मिलिलिटरमध्ये एकतरी जंतू येण्याची शक्यता पाचांत एकाहूनही कमी आहे. तो सगळा द्रव सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ तपासला, तर ते पाचही हाती लागू शकतात. म्हणून या रोगासाठी किमान ६ मिलिलिटर, जमल्यास १० मिलिलिटर सीएसएफ घ्यावे असे सांगितले जाते. प्रौढाच्या शरीरात सुमारे १५० मिलिलिटर सीएसएफ असते आणि दिवसाला साधारण ५०० मिलिलिटर नवे तयार होते, त्यामुळे एवढे काढणे सहसा सुरक्षित असते. तरीही प्रयोगशाळेत एक-दोन मिलिलिटरच पोचते. केनेडी आणि फॅलन यांनी १९७९ मध्ये दाखवले की लागोपाठ चार नमुने नीट तपासले तर काचपट्टीत क्षयजंतू ८७ टक्के रुग्णांत सापडतात, तर पहिल्या नमुन्यात हे प्रमाण ३७ टक्केच होते. अल्ट्राचा निकालही जागा बदलली की बदलतो. युगांडातल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिने ७० टक्के रुग्ण ओळखले, व्हिएतनाममध्ये २०२० मध्ये ४७ टक्के. युगांडातले रुग्ण एचआयव्हीबाधित होते आणि त्यांच्या नमुन्यांत जंतूंची संख्या सहसा जास्त असते. तुलनेसाठी निश्चित केलेली रुग्णव्याख्याही दोन्हीकडे सारखी नव्हती.

पुरस्कर्ता : ७० टक्के म्हणजे पूर्वीच्या काचपट्टीपेक्षा कितीतरी पुढची पायरी.

साशंक : होकारासाठी नक्कीच. नकारासाठी हिशेब वेगळा पडतो. क्षयाचा संशय असलेल्या १०० रुग्णांपैकी ५० जणांना तो खरोखर आहे असे धरावे. ७० टक्के संवेदनशीलतेची चाचणी ३५ जणांना ओळखेल आणि १५ जण सुटतील. नकारार्थी अहवाल साधारण ६५ जणांच्या हाती पडेल आणि त्यांपैकी १५ जणांना, म्हणजे चारांपैकी जवळजवळ एकाला, क्षय असेल. काचपट्टी नकारार्थी आली तेव्हा डॉक्टर तिच्यावर विसंबत नसत, कारण ती फसवते हे सर्वांना माहीत होते. यंत्राचा छापील ‘नॉट डिटेक्टेड’ पाहून मात्र उपचार थांबवण्याचा मोह होतो. एखादी चाचणी चांगली झाली आणि तिच्या नकाराला आधीपेक्षा जास्त वजन मिळाले, तर रुग्णाचे नुकसान वाढू शकते.

पुरस्कर्ता : हे नुकसान चाचणीचे नाही, वाचनाचे आहे. त्यावर उपायही आहे. २०१० मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने क्षयजन्य मेनिंजायटिसची गुणांवर आधारलेली व्याख्या तयार केली. लक्षणे किती दिवसांची, सीएसएफमधल्या पेशी आणि ग्लुकोज किती, मेंदूच्या स्कॅनमध्ये आवरणांची जाडी किंवा हायड्रोसेफलस आहे का, शरीरात इतरत्र क्षय आहे का, या सगळ्यांना गुण देऊन रुग्ण निश्चित, संभाव्य किंवा शक्य अशा गटात ठेवला जातो. ती मुख्यतः संशोधनासाठी होती, पण तिचे तत्त्व खाटेपाशीही उपयोगी आहे : पीसीआर होकारार्थी असेल तर निदान निश्चित, नकारार्थी असेल तर बाकीचे गुण बोलतात. मात्र साशंकाने दुसरी बाजूही पाहावी. नकाराला वजन नाही म्हटले की उलट चूक सुरू होते. प्रत्येक दीर्घ मेनिंजायटिसला ‘असेल क्षय’ म्हणून महिनोन्महिने औषधे दिली जातात, यकृताला इजा होते, आणि क्रिप्टोकॉकस किंवा आवरणांवर पसरलेला कर्करोग मागे राहून जातो.

साशंक : हा इशारा रास्त आहे. चूक दोन्ही दिशांनी होते, आणि दोन्ही चुकांची किंमत सारखी नसते. क्षय चुकला तर मृत्यू किंवा अपंगत्व, क्षय नसताना औषधे दिली तर सहसा भरून येणारी हानी. म्हणूनच अशा रोगात उपचाराचा उंबरठा खाली ठेवला जातो. पण हा उंबरठा नेमका कुठे असावा हे प्रयोगशाळा ठरवू शकत नाही. तिथे वैद्यकीय आणि नैतिक निर्णय सुरू होतो. दुसरा प्रश्न कल्चरचा आहे. पीसीआर न्यूमोकॉकसचे नाव सांगते, पण त्याच्यावर कोणते औषध चालेल ते सहसा सांगत नाही. मेनिंजायटिसमध्ये जंतूची वाढ रोखायला मिलिलिटरला ०.०६ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पेनिसिलिन लागले तरी जंतू प्रतिरोधक मानला जातो, कारण औषध मेंदूच्या आवरणांपर्यंत कमी पोचते. ही मोजणी जिवंत जंतूवरच होते. पीसीआर आली म्हणून कल्चर बंद झाले, तर देशात कोणता जंतू कोणत्या औषधाला दाद देत नाही हेही कळेनासे होईल.

पुरस्कर्ता : कल्चर बंद करण्याची मागणी कोणीच करत नाही. पण साथीच्या काळात एकट्या कल्चरवर अवलंबून राहता येत नाही, हे आफ्रिकेने दाखवले आहे. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या मेनिंजायटिस पट्ट्यात कोरड्या महिन्यांत मेनिंगोकॉकसच्या साथी येतात. उन्हातून शेकडो किलोमीटरचा प्रवास करताना नमुन्यातले जंतू मरतात. पीसीआरला मेलेला जंतूही चालतो, आणि ती त्याचा सेरोग्रुपही (पोटप्रकार) सांगते. लस निवडायला तोच हवा असतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली सेरोग्रुप ए वरची मेनॲफ्रिव्हॅक डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत ए मुळे येणाऱ्या साथी जवळजवळ थांबल्या. त्यानंतर सी, डब्ल्यू आणि एक्स पुढे आले हे प्रयोगशाळांमुळेच कळले. त्यातून पाच सेरोग्रुपवरची नवी लस तयार झाली, तीही पुण्यातच, आणि २०२४ मध्ये नायजेरियाने ती प्रथम वापरली.

साशंक : हे उदाहरण दोन्ही बाजूंचे आहे. सेरोग्रुप पीसीआरने कळतो, पण २०१३ नंतर नायजेरिया आणि नायजरमध्ये पसरलेला सी हा नवा वंश आहे, जुन्याची पुनरावृत्ती नाही, हे संपूर्ण जनुकक्रमावरून ठरवताना कल्चरमधून जपलेले जंतूच कामी आले. निवडक नमुन्यांचे कल्चर आणि सगळ्यांची पीसीआर ही वाटणी तिथे रुजली.

पुरस्कर्ता : आणि यादीची मर्यादाच नको असेल तर सीएसएफमधला सगळा डीएनए-आरएनए वाचणारे मेटाजीनोमिक सीक्वेन्सिंग आहे. कोणत्याही नावाचा संशय न घेता ते जंतू शोधते. २०१४ मध्ये अमेरिकेत अशाच तपासणीने, इतर चाचण्यांना न सापडलेला लेप्टोस्पायरोसिस एका मुलात उघड केला आणि साध्या पेनिसिलिनने तो बरा झाला.

साशंक : त्याच पद्धतीचा २०४ रुग्णांवरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५८ संसर्ग नक्की झाले. त्यांपैकी १३ फक्त सीक्वेन्सिंगला सापडले, तर २६ सीक्वेन्सिंगला सापडलेच नाहीत. चुकलेल्यांत काही प्रतिपिंडांवरून ओळखले गेले, काही इतर जागेच्या नमुन्यांवरून, आणि काहींत सीएसएफमधले जंतूच फार थोडे होते. सगळे वाचणारे यंत्रसुद्धा नळीत नसलेले वाचू शकत नाही.

पुरस्कर्ता : मग एका गोष्टीवर दोन्ही बाजूंचे एकमत होऊ शकते. अहवालात फक्त ‘आढळले’ किंवा ‘आढळले नाही’ एवढे लिहून भागत नाही. किती मिलिलिटर तपासले, सेंट्रिफ्यूज केले का, नमुना काढल्यापासून किती वेळ गेला, प्रतिजैविक आधी किती तास दिले होते, त्याच वेळी रक्तातले ग्लुकोज किती होते, आणि कोणत्या जंतूंचा शोध घेतला व कोणत्यांचा नाही, हे त्याच कागदावर यायला हवे. नकाराला अर्थ देणाऱ्या या बाबी आहेत. त्या प्रयोगशाळेला एकटीला माहीत नसतात, अर्ध्या रुग्णालयाला माहीत असतात. म्हणून मागणीपत्रही बदलावे लागेल.

साशंक : एकमत इथवर. मतभेद उरतो तो थेंबांच्या वाटणीचा. सहा महिन्यांच्या बाळाच्या पाठीतून एकच मिलिलिटर मिळाले, रात्र आहे, आणि घरात कोणाला तरी क्षय आहे. पेशींच्या मोजणीला आणि ग्रॅम स्टेनला द्रव लागतो, रसायनचाचणीला लागतो, कल्चरला लागतो, अल्ट्राला जितका जास्त तितका हवा असतो, पॅनेलला ०.२ मिलिलिटर हवे असते. सगळ्यांना थोडे-थोडे दिले तर प्रत्येक नकार दुबळा होतो. एकालाच सगळे दिले तर बाकीचे प्रश्न विचारलेच जात नाहीत. पेशी, ग्रॅम स्टेन आणि कल्चर यांना प्राधान्य द्यावे, क्षयाचे औषध संशयावर सुरू करावे, आणि क्षयजंतूचा शोध पुढच्या नमुन्यात भरपूर द्रव घेऊन करावा, ही एक रीत.

पुरस्कर्ता : दुसरी रीत अशी की पेशी आणि ग्रॅम स्टेननंतर उरलेले सगळे जनुकीय चाचण्यांना द्यावे. प्रतिजैविक आधीच दिलेले असण्याची शक्यता मोठी असते, आणि दुसऱ्या नमुन्यापर्यंत हे बाळ थांबेल याची खात्री नसते. या दोन रीतींपैकी कोणती बरोबर, हे त्या भागात कोणते जंतू आढळतात, लसीकरण किती झाले आहे, कल्चरची व्यवस्था किती भरवशाची आहे आणि दुसऱ्यांदा पाणी काढण्याची सोय आहे का, यांवर ठरेल. एकाच राज्यातल्या दोन जिल्ह्यांत उत्तर वेगळे येऊ शकते. कोणत्या नळीत किती थेंब जातील, हे प्रत्येक रुग्णालयाने आपल्या आकड्यांवरून आधीच लिहून ठरवायला हवे. रात्री नमुना हातात आल्यावर ते ठरवायला वेळ नसतो.